सील शाबूत आहे!

मालवाहतुकीच्या धंद्यात माल अजिबात न पाहिलेला माणूस एकच असतो आणि तो माल मुक्कामी पोचवायचं काम नेमकं त्याच्याकडे असतं. मालकाने माल पाहिलेला असतो, हमालांनी उचललेला असतो, सुपरवायझरने मोजलेला असतो, कस्टमच्या साहेबांनी निदान कागदावर तरी न्याहाळलेला असतो. गोदामातल्या मांजरालासुद्धा आतली बित्तंबातमी असते. ड्रायव्हर तेवढा गेटबाहेर झाडाखाली बसलेला. "सेफ्टी शूज नाहीत ना? मग आत यायचं नाही." दारं लागली, सील मारलं, की त्याला हाक येते, "चला मामा, गाडी काढा." पुढे बोरघाटात कंटेनर आडवा झाला की पंचनाम्याला आलेले साहेब पहिला प्रश्न त्यालाच टाकतात, "काय रे, माल नीट बांधला नव्हता का?" मामाचा 'काय रे' व्हायला असा एक घाट पुरतो.

न्हावाशेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं. तेव्हापासून उरण-पनवेलच्या रस्त्यांनी वीस फुटी आणि चाळीस फुटी डबे इतके पाहिले आहेत, की तिथल्या लहान मुलांनाही नुसत्या आवाजावरून भरलेला कोणता आणि रिकामा कोणता ते कळावं. आत काय आहे हे मात्र कोणालाच कळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ आठ फूट रुंद आहे आणि झाकणाला नंबर आहे.

त्या झाकणाची, म्हणजे सीलची, नीट ओळख करून घ्यायला हवी. लाखेचा लाल ठिपका डोळ्यांसमोर आला असेल तर तो पुसून टाका. हे सील म्हणजे करंगळीएवढा जाड पोलादी खिळा आणि त्याच्या टोकाला बसणारं एक बुटकं नळकांडं. धंद्यात त्याला बॉटल सील किंवा वन टाइम लॉक म्हणतात. दाराच्या उजव्या पल्ल्याच्या कडीतून खिळा ओवायचा, खालून नळकांडं दाबायचं, 'टक्' असा आवाज येतो आणि विषय संपतो. उघडायचं तर मोठा कटर आणून तोडावंच लागतं. खिळ्यावर नंबर, नळकांड्यावर तोच नंबर. आयएसओ १७७१२ या मानकातल्या वरच्या प्रतीच्या सीलने दहा किलोन्यूटनची ओढ, म्हणजे साधारण एक टनाचा भार, सोसायला हवी. बाहेर एक टन सोसणारं सील आणि आत बावीस टन माल नायलॉनच्या पट्ट्यावर, असा हा संसार असतो.

सील मारण्याचा सोहळा पाहण्यासारखा. ज्या सुपरवायझरने आत ड्रम कसे रचलेत याकडे ढुंकून पाहिलेलं नसतं, तो सीलपाशी आला की फोटोग्राफर होतो. एक फोटो जवळून, एक लांबून, एक गाडीच्या नंबरसकट, एक ड्रायव्हरला बाजूला उभं करून. मग नंबर मोठ्याने वाचून दाखवायचा, दुसऱ्याने कागदाशी ताडून पाहायचा, तिसऱ्याने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर पाच अंगठे येतात. २०१७ पासून आपल्या कारखान्यात स्वतःच सील मारणाऱ्या निर्यातदारांसाठी कस्टमने इलेक्ट्रॉनिक सीलही आणलं. वाचकयंत्र जवळ नेलं की ते आपण शाबूत असल्याचं आपणहून सांगतं. आतले ड्रम शाबूत आहेत का, हे मात्र त्याच्या कार्यकक्षेत येत नाही.

इथेच सगळी मेख आहे. सील दाराची हमी देतं, मालाची नाही. दार कोणी उघडलं नाही एवढंच ते सांगतं. दाराआड माल एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलाय, की आडवा पडलाय, की रामराम म्हणून दारावरच रेललाय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण एकदा का ते 'टक्' झालं, की बांधाबांधीची जबाबदारी आतल्या माणसांच्या हातून सुटते आणि बाहेर झाडाखाली बसलेल्या माणसाच्या गळ्यात पडते. तो लुंगी झटकून उठेपर्यंत हस्तांतरण पूर्ण झालेलं असतं.

कागदपत्रं याहून मजेशीर. मालवाहतूकदारांसाठी इंग्रजांनी केलेला १८६५ चा कायदा आपण २०११ पर्यंत वापरला. मग २००७ साली संमत झालेला रस्तेवाहतुकीचा नवा कायदा लागू झाला. मालाचा तपशील माल पाठवणाऱ्याने लेखी द्यायचा आणि त्याच्या खरेपणाची जबाबदारीही त्याचीच, असं हा कायदा सांगतो. उत्तम. त्याप्रमाणे बिल्टीवर मालाचं नाव असतं, नग असतात, वजन, किंमत, जीएसटीचे नंबर असतात. ई-वे बिल तर रोजचे २०० किलोमीटर धरून गाडीने कधीपर्यंत पोचायचं तेही ठरवून टाकतं. एवढ्या गर्दीत 'माल कशाने बांधला आणि कोणी बांधला' असा रकाना माझ्या पाहण्यातल्या एकाही बिल्टीवर नव्हता. 'माल मालकाच्या जोखमीवर' हे मात्र ठसठशीत छापलेलं असतं. ती जोखीम नुकसानीच्या पैशांची. हाडं मोडायची जोखीम कोणाच्या नावावर, ते छापायला जागा उरत नसावी.

जहाज कंपन्यांना हे कोडं फार पूर्वीच सुटलं. त्या आपल्या बिलावर 'सेड टू कंटेन' असं छापून मोकळ्या होतात. अर्थात, आत अमुक माल आहे असं पाठवणारा म्हणतो, आम्ही काही पाहिलेला नाही. जहाज कंपनीने म्हटलं तर हे व्यापारी शहाणपण ठरतं. तेच वाक्य ड्रायव्हरने चौकीवर म्हटलं तर त्याला उद्धटपणा म्हणतात.

आता प्रत्यक्ष माल भरताना काय होतं ते पाहू. या कामाला आपल्याकडे 'लॅशिंग-चोकिंग' म्हणतात. पट्टे आवळायचे, लाकडी ठोकळे ठोकायचे, मधल्या फटीत हवेच्या पिशव्या फुगवायच्या, म्हणजे माल जागचा हलू नये. याची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. २०१४ साली सागरी वाहतूक, कामगार आणि युरोपची अर्थव्यवस्था पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्थांनी मिळून ती काढली. रस्त्यावरच्या प्रवासात मालाच्या वजनाच्या आठ दशांश इतका जोर पुढच्या बाजूला आणि निम्मा जोर आडवा येईल, असं धरून बांधणी करा, असं ती सांगते. म्हणजे आत वीस टन माल असेल तर करकचून ब्रेक लागल्यावर तो सोळा टनांच्या जोराने ड्रायव्हरच्या पाठीकडे झेपावणार. वळणावर दहा टनांच्या जोराने बाहेर जायला बघणार. घर्षण, पट्टे, ठोकळे या सगळ्यांनी मिळून त्याला धरायचं.

सोळा टनांचा हा हिशेब आपल्याकडे कसा तपासतात? सुपरवायझर आत जातो. शेवटच्या पेटीला दोन्ही तळहात लावतो. जमेल तेवढा धक्का देतो. पेटी हलत नाही. "बस्स, ओके!" सुपरवायझरचं स्वतःचं वजन बासष्ट किलो, त्यात सकाळपासून नुसत्या चहावर. पण त्याला हलली नाही ती पेटी घाटालाही हलणार नाही, अशी त्याची श्रद्धा असते. त्यात संध्याकाळचे सहा वाजत आलेले. बंदराच्या गेटची वेळ रात्री संपणार. हवेच्या पिशव्या ऑर्डर केल्यात पण आलेल्या नाहीत. मग दाराकडच्या दीड फूट फटीत थर्माकोल, फाटके खोके, एक मोडकी पॅलेट आणि थोडा देवावरचा विश्वास कोंबला जातो. मालाचं वजन डब्यात सगळीकडे सारखं पसरलेलं असावं, अर्ध्या लांबीत साठ टक्क्यांहून जास्त नको, असाही एक संकेत आहे. पण फोर्कलिफ्टवाल्याला दाराशी आधी काय सापडलं, यावरच तो पाळला जातो की नाही ते ठरतं.

यातली गंमत अशी, की बांधाबांधीतलं खरं ज्ञान असलेला माणूस त्या वेळी गेटबाहेर असतो. उघड्या ट्रकवर ज्याने उमेदीची वर्षं काढली त्याला दोरखंड कुठे आवळायचा आणि कुठे ढील द्यायची ते झोपेत विचारा. कांद्याच्या गोण्यांच्या थप्पीवर उभं राहून, ताडपत्रीची कड दातात धरून, पावसाच्या तोंडावर एकट्याने गाडी बांधणारा हा माणूस. गाठ मारून झाल्यावर दोराला हाताच्या कडेने ठोकतो आणि आवाजावरून ताण ओळखतो. त्याला आत बोलावून "मामा, एकदा बघा बरं" म्हटलं असतं, तर काम दोन मिनिटांचं होतं. पण त्याच्या पायात चप्पल होती.

मग तो स्वतःच्या पद्धतीने तपासणी करतो. आधी गाडीभोवती एक फेरी. कमानीचे पाटे दोन्ही बाजूंना सारखे दबलेत का? टायर एकीकडेच फुगलेत का? लांब उभं राहून, एक डोळा मिटून, डबा तिरका दिसतो का? मग कारखान्याच्या आवारातच गाडी जरा पळवून कचकन ब्रेक. काच खाली, कान मागे. 'धप्प' असा एकच आवाज आला तर माल एकदाच सरकून बसला. 'धप्प... धप्प' आला तर काहीतरी मोकळं आहे. घरंगळल्यासारखं काही ऐकू आलं तर तो दिवस उपवासाचा.

पळस्पे फाट्यावर चहाच्या टपरीपाशी बीडकडचे एक ड्रायव्हर भेटले. मागे चाळीस फुटी डबा.

"काय माल आहे, मामा?"

"कागदावर मशिनरी पार्ट हायेत."

"आणि खरं?"

"खरं म्हंजे कायतरी गोल हाये. वळणावर आधी गाडी वळती, मंग ते वळतं."

"मग सांगितलं नाही कंपनीत?"

"सांगितलं की. सायेब म्हणले, सील शाबूत हाये ना? हाये म्हणलं. मंग निघा म्हणले."

ते निघालेही. पहिल्या वळणावर गाडी वळली. ते गोल काय होतं ते मागाहून वळलं असावं.

गावाकडून शिकायला शहरात आलेल्या मुलाला आई एसटीच्या ड्रायव्हरकडे डबा देते. आमटीच्या झाकणावर फडकं, फडक्याला गाठ. डबा स्टँडवर पोचेपर्यंत आमटी सांडली, तर मुलगा ड्रायव्हरकाकांना जाब विचारत नाही. झाकण घट्ट लावलं नाहीस म्हणून आईलाच फोन करतो. आमटीच्या बाबतीत इतका सरळ न्याय आपल्याला जमतो. पोलादाचा विषय आला की आपण चोर सोडून संन्याशाला पकडतो.

अमेरिकेने यावर कायदेशीर काथ्याकूट केला आहे. तिथल्या केंद्र सरकारचा नियम असा: निघण्याआधी माल बांधलाय याची ड्रायव्हरने खात्री करायची. पहिल्या ५० मैलांच्या आत पुन्हा एकदा पाहायचं. मग दर १५० मैलांनी, किंवा दर तीन तासांनी, किंवा ड्यूटी बदलली की, यांतलं जे आधी येईल तेव्हा. आणि खाली पोटकलम: गाडी सीलबंद असेल आणि 'उघडून पाहू नकोस' असा हुकूम असेल, तर तपासणीचा हा नियम त्या ड्रायव्हरला लागू नाही. म्हणजे आपल्याकडे चौकीवर मान खाली घालून पुटपुटलं जाणारं 'मला काय माहीत, साहेब' हे वाक्य तिकडे सरकारी नियमावलीत छापलेलं आहे. हेवा वाटावा अशी सोय! पण ती सूट तपासणीतून आहे, वळणातून नाही. आत मोकळा सुटलेला माल पोटकलम वाचत नाही.

आपल्याकडचा कायदा वजनाच्या बाबतीत जास्त बोलका आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेपेक्षा जास्त माल सापडला तर २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. काट्यावर यायला ड्रायव्हरने नकार दिला तर ४०,०००. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. आता हे कलम सीलबंद डब्याला लावून बघा. माल उतरवायचा तर सील तोडायला हवं. सील तोडलं तर कस्टम विचारणार, का तोडलं? नाही तोडलं तर आरटीओ विचारणार, का नाही उतरवला? डबा मात्र शांत. गाडी गुपचूप जास्त वजन नेत असेल तर ते गाडीमालकाच्या माहितीनेच असं कोर्टाला गृहीत धरता येतं, इथवर कायदा गेला आहे. मालाच्या मालकाविषयी असं काही गृहीत धरायचं त्याच्या मनात आलेलं दिसत नाही.

कागदावरचं वजन आणि खरं वजन यांची फारकत ही काही फक्त आपली खासियत नाही. जानेवारी २००७ मध्ये 'एमएससी नापोली' नावाचं जहाज इंग्लिश खाडीत वादळात सापडलं, त्याच्या सांगाड्याला तडे गेले आणि शेवटी त्याला इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात ब्रँसकोमच्या किनाऱ्याजवळ मुद्दाम रुतवावं लागलं. डबे वाहून किनाऱ्याला लागले आणि फुटले. गावोगावचे सभ्य इंग्रज नागरिक वाळूतून बीएमडब्ल्यूच्या कोऱ्या मोटारसायकली ढकलत घरी निघाले. आपल्याकडे टँकर उलटल्यावर बादल्या घेऊन धावणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांनी ती दृश्यं जरूर पाहावीत. पुढे डेकवरच्या कोरड्या राहिलेल्या डब्यांचं वजन केलं, तेव्हा दर पाचांतल्या एका डब्याचं खरं वजन कागदापेक्षा तीन टनांहून अधिक फरकाचं निघालं. अशा अनुभवांनंतर १ जुलै २०१६ पासून जगभर नियम आला: डब्याचं वजन पडताळून दिल्याशिवाय तो जहाजावर चढणार नाही. समुद्रावर जायच्या आधी तोच डबा सगळा घाट उतरून येतो, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे. शिवाय काटा वजन किती ते सांगतो. ते डब्यात कुठे बसलंय, ते सांगत नाही.

मालकाला मालाची खरोखर काळजी असेल तर उपाय सुचतात, याचा पुरावा नाशिकची द्राक्षं. युरोपला निघालेल्या द्राक्षांचा थंड डबाही सीलबंदच असतो. पण त्याच्या तोंडाशी तापमानाचा आकडा झळकत असतो. कसारा घाटात थांबून ड्रायव्हर तो आकडा बघतो, जनरेटरमधलं डिझेल बघतो, आकडा शून्याच्या आसपासून चढायला लागला तर फोन करतो. दार न उघडता आतली खबर. द्राक्षांना थर्मामीटर मिळाला. पोलादी कॉइलींना साधा पट्टा सैल झाल्याचं सांगणारा दिवाही नाही. घाटात एखादी द्राक्षपेटी नासली तर ती मालकाला दिसते. कॉइल सुटली तर ती आधी ड्रायव्हरला दिसते, एवढाच फरक.

ड्रायव्हर मंडळी अगदीच धुतल्या तांदळाची आहेत, असं नाही. ट्रेलरवर डबा धरून ठेवायला चार कोपऱ्यांत चार ट्विस्ट लॉक असतात. डब्याच्या कोपऱ्यातल्या भोकात ते घालायचे आणि दांडा फिरवायचा. चारही फिरवायला दोन मिनिटं लागत नाहीत. तरी काही महाभाग ते मुद्दाम मोकळे ठेवतात. 'डबा पडलाच तर एकटा पडेल, गाडी वाचेल' असं त्यांचं तत्त्वज्ञान. डबा एकटा पडेल हे खरं, पण शेजारून जाणाऱ्या रिक्षावर पडेल. ट्विस्ट लॉक, टायर, दाराच्या कड्या, सीलचा नंबर, डब्याचा तिरकेपणा आणि वळणावरचा वेग, हे सगळं बाहेरून दिसतं आणि ते ड्रायव्हरच्याच खात्यावर जमा व्हायला हवं. तिथे सबब चालणार नाही. पण जे त्याच्या डोळ्याआड बांधलं गेलं आणि वर 'उघडायचं नाही' असं बजावून त्याच्या ताब्यात दिलं गेलं, ते बांधणाऱ्याच्या नावे लिहायला हवं. बिल्टीवर एक रकाना वाढवला आणि खाली सुपरवायझरची सही घेतली की काम झालं. सही करावी लागली तर तो पेटीला दुसऱ्यांदा धक्का देईल, आणि तिसऱ्यांदा फोर्कलिफ्टने.

महाराष्ट्रातल्या ट्रकवाल्यांची एक जुनी घोषणा आहे: 'ज्याचा माल, त्याचा हमाल.' माल चढवण्या-उतरवण्याची वाराई गाडीवाल्याच्या खिशातून का, असा त्यामागचा सवाल. सवाल रास्त आहे. हमालीचे पैसे द्यायचे गाडीवाल्याने आणि 'जरा घट्ट बांध' म्हणायचा हक्क मात्र दुसऱ्याचा, हा कुठला न्याय? सीलबंद डब्यांसाठी त्या घोषणेला एक शेपूट जोडावं असं वाटतं: ज्याचं सील, त्याची सीट. पगार परवडत नाही म्हणून हल्ली बऱ्याच गाड्यांवरचा क्लीनर गेला आहे, त्यामुळे ड्रायव्हरशेजारची जागा रिकामीच असते. सील मारून झालं, फोटो काढून झाले, अंगठे आले, की ज्याने "ओके" म्हटलं त्याने त्या जागेवर बसावं आणि न्हावाशेव्यापर्यंत घाट उतरून यावं. सेफ्टी शूज त्याच्या पायात आहेतच.